मराठीची बारी

दीपमाला दुर्गे यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि या चार महिन्यांत नवं काम अंगावर घ्यायचं नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. बेल्याकडच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून झालं होतं. गुडघे गेले होते. आवाज दुपारनंतर बसायचा. वर्गातली मुलं दरवर्षी तेवढ्याच वयाची राहतात आणि आपण म्हातारे होतो, हे नोकरीला लागताना कोणी सांगत नाही. मॅडमना ते उशिरा कळलं. कळल्यावर त्यांनी त्याचं दुःख वगैरे केलं नाही, नुसत्या दमल्या.

तरी नोव्हेंबरात आदिलाबादच्या विज्ञानप्रेमी मंडळाचं पत्र आलंच. शालेय वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून यावं. या जिल्ह्यात मुलं चार भाषांतून शिकतात, तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि मराठी, आणि ज्या भाषेत शिकतात त्याच भाषेत स्पर्धेत बोलतात. म्हणून मराठी कळणारा एक परीक्षक लागतो. मंडळाला दीपमाला मॅडम एकदा सापडल्या होत्या, त्यानंतर मंडळानं दुसरं कोणी शोधलंच नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्या साडीच्या निऱ्या काढत होत्या आणि त्यांचे यजमान चंपतराव ओट्यावर बसून चहा पीत होते. चंपतराव तहसील कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. कागद सुटला तरी कागदाची भाषा सुटली नव्हती.

"विषय कोणता हाय यंदा?"

"अंतराळ संशोधनात जवळच्या ग्रहांना प्राधान्य द्यावं की दूरच्या."

"जवळचा म्हंजे?"

"चंद्र धरा, मंगळ, शुक्र."

"अन् दूरचा?"

"दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरतात ते. त्यांचा उजेड इथं यायला वर्षं लागतात."

"मंग यात वाद काय हाय? माणूस आधी जवळच्याच गावाले जाते. मी बत्तीस वर्षं नोकरी केली, दहा कोसाच्या बाहीर गेलो काय?"

"म्हणूनच बढती मिळाली नाही."

चंपतरावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही त्यांची जुनी सवय. बशीतला चहा संपवून म्हणाले, "यंदा मराठीची बारी हाय म्हणे. बंडू मास्तर सांगत व्हता. पोरगी जोरदार हाय त्याची. डोये मिट अन् देऊन टाक पयला नंबर. जाता जाता एका प्रकरणाची मिसल तरी चांगली फैसल कर."

"बघते."

"बघते काय. चौदा वर्षं झाली आपल्या पोराले नंबर भेटून."

ते खरं होतं. आणि ही बारीची भानगड काय, तेही इथंच सांगितलेलं बरं.

चार भाषांची स्पर्धा, परीक्षक तीन. तेलुगूचा एक, तोच इंग्रजीही बघतो. उर्दूचा एक. मराठीच्या दीपमाला मॅडम. तेलुगू मुलगा बोलतो तेव्हा दोघं परीक्षक समोरच्या भिंतीकडे बघतात, मराठी मुलगी बोलते तेव्हा दुसरे दोघं. शेवटी चहाच्या खोलीत बसून एकमेकांना हिंदीत विचारायचं, "आपका बच्चा कैसा बोला?" आणि ज्याची भाषा त्याच्या शब्दावर इतरांनी गुण टाकायचे. कुणी आपल्या पोराला वाईट म्हणत नाही, त्यामुळे सगळीच मुलं पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. मग पालकांची भांडणं. एकदा तर सभागृहाच्या काचा फुटायच्या राहिल्या. तेव्हा, २०१७ साली, तिन्ही परीक्षकांनी मिळून बारी लावली: एक वर्ष तेलुगू, मग उर्दू, मग इंग्रजी, मग मराठी. कागदावर काही नाही, तोंडी. मराठीची बारी आली २०२० साली, आणि त्या वर्षी कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. बावीस साली पुन्हा सुरू झाली तेव्हा म्हणाले, पहिल्यापासून सुरू करू. पहिल्यापासून म्हणजे तेलुगू. मॅडमनी तेव्हाही भांडण केलं नाही. त्या बारीच्या कल्पनेला मान डोलावणाऱ्यांत त्याही होत्या, मग भांडायचं कुठल्या तोंडानं?

आता पंचवीस साल. फिरून मराठीची बारी आली होती, आणि मॅडमची शेवटची स्पर्धा होती.

बस एक तास उशिरा आली. वाटेत दोन्हीकडच्या शेतांत कापूस पांढरा फुटला होता आणि बायका वाकून वेचत होत्या. मॅडमनी खिडकीतून एकदा बघितलं आणि मान फिरवली. त्यांची आई लक्ष्मीबाई साठाव्या वर्षापर्यंत दुसऱ्यांच्या शेतात असंच वाकून वेचायची. सातवीपर्यंत सुटीच्या दिवशी मॅडमही तिच्याबरोबर असत. त्यांना ते गाणं म्हणण्यासारखं सुंदर वगैरे कधी वाटलं नाही. कंबर दुखते, बोंडाच्या सुकल्या पाकळ्या नखात घुसतात, आणि संध्याकाळी मालक वजनावरून कुरकुर करतो. त्यातून सुटण्यासाठी त्या शिकल्या, आणि शिकल्या तेव्हा नेटानं शिकल्या. आदिलाबादच्या कॉलेजात बीएस्सीला भौतिकशास्त्रात त्या पहिल्या आल्या होत्या.

सभागृहात पोचल्या तर तेलुगूचे राजमल्लू सार आणि उर्दूचे खलील साहेब आधीच खुर्च्या धरून बसलेले. राजमल्लू जगित्यालचे, खलील मंचेरियलचे, दोघंही शिक्षक आणि दोघंही निवृत्तीला टेकलेले. दोघांना बाजारात भाव करण्यापुरती मराठी यायची, भाषण कळण्यापुरती नाही.

"आओ मॅडम," खलील साहेब म्हणाले. "आज तो आपकी ईद है."

"बच्चे बोले नहीं अब तक, और ईद हो गई?"

"बोलने का क्या है मॅडम, बोलेंगे ही."

प्रमुख पाहुणे दीड तासानं आले, चाळीस मिनिटं बोलले आणि चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाचं नाव चुकवून गेले. मग मुलं सुरू झाली. बहुतेकांनी जवळच्या ग्रहांची बाजू घेतली होती, कारण ती सोपी. तेलुगूत दोन, इंग्रजीत दोन, उर्दूत एक. आश्रमशाळेची यमुना नावाची मुलगी तेलुगूत बोलली. तिनं दूरच्या ग्रहांची बाजू धरली होती. ती हळू बोलत होती, मध्येच थांबत होती, आणि मॅडमना तेलुगू कार्यालयातल्या कामापुरती येत असल्यानं तिचं अर्धं त्यांच्या हाती लागलं. दूरच्या ग्रहाकडे जावं लागत नाही, असं काहीसं ती म्हणत होती. त्याचा उजेड स्वतःच चालत आपल्या दारात येतो, आपण फक्त दार उघडं ठेवायचं. मॅडमनी कागदावर बारीकसा एक काटकोन काढला. चांगलं काही ऐकलं की त्या असा काटकोन काढायच्या.

सातव्या नंबरला मयूरी उभी राहिली. नववीतली, जैनथच्या पुढच्या गावातली, बंडू सरांची विद्यार्थिनी. दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश. बंडू सर मागच्या रांगेत टोकाला बसून ओठ हलवत होते. ते बघून मॅडमना हसू आलं, कारण हाच बंडू नववीत असताना त्यांच्या शाळेत होता, आणि तो स्टेजवर बोलायचा तेव्हा त्या मागच्या रांगेत बसून अशाच ओठ हलवायच्या.

मयूरीनं आवाज लावला. आवाज खणखणीत होता.

"सन्माननीय व्यासपीठ. ज्याला स्वतःच्या अंगणातला काटा दिसत नाही, त्यानं आभाळातले मोती मोजू नयेत."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

ते वाक्य त्यांचंच होतं. पुढचंही त्यांचंच. मयूरीनं डावा हात छातीशी नेला, आणि मॅडमना पुढचा शब्द आधीच ठाऊक होता. चौदा वर्षांपूर्वी, २०११ साली, याच स्पर्धेसाठी, जवळपास याच विषयावर त्यांनी बंडूला हे भाषण लिहून दिलं होतं. बंडूचा पहिला नंबर आला होता. तो हैदराबादला राज्य पातळीवर गेला, तिथं त्यानं तारांगण पाहिलं, परत येऊन म्हणाला, मी विज्ञानच घेतो. आणि घेतलं. आता तोही मास्तर झाला होता, आणि त्यानं तोच कागद या मुलीच्या हातात ठेवला होता.

यात नवल काही नव्हतं. भाषणं लिहून द्यायची आणि मुलांनी पाठ करायची, ही या शाळांतली रीतच. मॅडमनी किती मुलांना लिहून दिली असतील. दोन्ही बाजूंची द्यायच्या, ज्याच्या वाट्याला जी येईल ती. पण २०११चं हे भाषण वेगळं होतं. ते लिहिताना त्यांना ते खरं वाटलं होतं.

का वाटलं होतं, तेही त्यांना आता चांगलं माहीत होतं. बीएस्सी झाल्यावर एमएस्सीला नागपूरला जायचं पत्र आलं होतं. वडील म्हणाले, पोरी, जवळ बी.एड. कर, जवळ नोकरी भेटल. आई म्हणाली, लांब काऊन जातेस? स्थळ आलं तेही जवळचं. चंपतराव. नोकरी लागली तीही घरापासून सायकलच्या अंतरावर. मॅडमनी आयुष्यभर जवळचंच केलं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी एका पोराचं भाषण लिहिता लिहिता स्वतःलाच पटवून दिलं की जवळचं तेच शहाणपणाचं. टाळ्या पडल्या होत्या. पहिला नंबर आला होता. मग वाटलं, पटलंच म्हणायचं. आज तीच वाक्यं ऐकताना त्यांना आपलाच जुना फोटो बघितल्यासारखं वाटलं. पदर नीट, भांग नीट, आणि चेहऱ्यावर काहीच नाही.

आणि मग मयूरी म्हणाली, "मित्रहो, ज्या चंद्रावर आपलं यान अजून एकदाही अलगद उतरलेलं नाही, तो चंद्र सोडून आपण प्रकाशवर्षांच्या गप्पा मारायच्या?"

सभागृहात कोणी हललं नाही. ज्यांना मराठी कळत होती ती चार-दोन मुलं आपलं भाषण मनातल्या मनात घोकत होती. खलील साहेब भिंतीकडे बघत होते. राजमल्लू सार चष्म्याची काच पुसत होते. मागे बंडूचे ओठ त्याच वाक्यावर हलले आणि पुढं गेले.

२०११ साली ते खरं होतं. तेवीस सालच्या ऑगस्टमध्ये यान उतरलं, तेव्हा मॅडमनी स्वतः शाळेत टीव्ही लावला होता आणि गावातली माणसं चपला काढून वर्गात बसली होती.

मयूरी न अडखळता शेवटपर्यंत गेली. टाळ्या पडल्या, आधीच्या कुणापेक्षाही जास्त. नियमाप्रमाणे एक प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेच्या परीक्षकानं विचारायचा. मॅडमनी माईक ओढला.

"मयूरी, तेवीस साली, ऑगस्टमध्ये, चंद्रयान उतरलं त्या संध्याकाळी तू कुठं होतीस?"

"सरपंचाच्या घरी, मॅडम. टीव्ही पाहत व्हतो समदे."

"मग आत्ता काय म्हणालीस, यान उतरलेलं नाही?"

मयूरी गोंधळली. तिनं मागे बंडू सरांकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"कागदात तसंच हाय, मॅडम."

राजमल्लू सारांनी घड्याळावर बोट ठेवलं. प्रश्न एकच असतो. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"कागद राहू दे. तुला काय वाटतं? आधी जवळ जावं की लांब?"

मुलीनं या वेळी बंडू सरांकडे बघितलं नाही. मग तिचा तो खणखणीत आवाज गेला आणि घरातला आवाज आला.

"मॅडम, आमी मायसंगं वेचायले जातो. आशाबाई, माही माय. ते म्हनते, आधी लांबच्या धुऱ्यापासून सुरू करा. वावराच्या पार त्या टोकापासून. सकाळी पायात जोर असते, तवा रिकाम्या हातानं तिकडं जाऊन लागायचं, अन् वेचत वेचत इकडं यायचं, गाडीजवळ. जवळून सुरू केलं तर दिवस बुडता बुडता माणूस दमून लांब असते, अन् ओझं घेऊन वापस यावं लागते. लांबचं राहूनच जाते मंग. म्हनून मले वाटते..." ती थांबली. तिला कळलं होतं की ती आपल्याच भाषणाच्या विरुद्ध बोलतेय. "म्हनून मले वाटते, जोर हाय तवा लांबचं करून घ्यावं. जवळचं काय, ते होतेच."

मॅडमनी माईक खाली ठेवला. काटकोन काढायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

चहाच्या खोलीत खलील साहेबांनी बिस्किटाचा पुडा फोडला.

"अब बोलो मॅडम. बच्ची तो तोफ थी. कहीं रुकी नहीं."

"मेरे को एक अक्षर समझा नहीं," राजमल्लू सार म्हणाले, "लेकिन आवाज क्या था. अड़तालीस लिखूं?"

"वो भाषण मेरा लिखा हुआ है," मॅडम म्हणाल्या.

"आपके स्कूल की है क्या?"

"नहीं. चौदह साल पहले मैंने दूसरे बच्चे को लिखके दिया था. वही इसको मिला."

खलील साहेब हसले. "तो और अच्छा. भाषण मॅडम का, साल मॅडम का आखरी, बारी मराठी की. इससे ज्यादा क्या चाहिए? मॅडम, सब रटके ही आते. मेरी वाली बच्ची का तो मैं खुद लिखके दिया. इनको पूछो."

राजमल्लू सार आपल्या चहात बघत राहिले. म्हणजे त्यांनीही लिहून दिलं होतं.

"उसमें लिखा है कि हम चांद पे उतरे नहीं."

राजमल्लू सारांनी कप खाली ठेवला.

"बच्ची बोली?" राजमल्लू सारांनी विचारलं.

"बोली."

"किसी को समझा?"

"मेरे सिवा किसी को नहीं."

"तो फिर?" खलील साहेब म्हणाले. त्यांनी ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

तो प्रश्न मॅडमनाही पडला होता. चूक झाकायची तर झाकली जात होती. पन्नास गुणांतले वीस विषयाला, वीस मांडणीला आणि दहा उत्तराला. भाषण छान होतं असं म्हटलं की चाळीसला चाळीस. पण मग उत्तराचं काय सांगायचं? मुलगी शेवटी आपल्याच बाजूच्या विरुद्ध बोलली, म्हणजे उत्तर फसलं, असंच सांगावं लागणार. भाषण वर न्यायचं तर उत्तर खाली ढकलायचं. आणि त्या दिवशी त्या सभागृहात कुठल्याही भाषेत कुणी स्वतःच्या डोक्यातून काही काढलं असेल, तर ते यमुनाचं दार आणि मयूरीचं ते उत्तर. बाकी सगळे मास्तर बोलत होते, मुलांच्या तोंडून. चौतीस वर्षं आपणही हेच केलं, हे मॅडमना त्या बिस्किटाच्या पुड्याकडे बघताना कळलं, आणि कळून काही मोठं झालं नाही. फक्त अंगातला थकवा थोडा जास्त जाणवला.

त्यांनी आशाबाईच्या वावराचं सगळं हिंदीत सांगितलं. पार टोकापासून सुरू करायचं, जोर असताना.

राजमल्लू सारांच्या वडिलांची शेती होती. ते एकदम म्हणाले, "बिल्कुल बराबर. मेरी मां भी ऐसेच बोलती थी." मग मान हलवली. "लेकिन मॅडम, ये तो अपने ही भाषण को काट दी."

"हां. और सही काटी."

"उत्तर के दस ही मार्क हैं."

"तो दस दो. भाषण के मैं पूरे नहीं देती. गलत है, और उसका है भी नहीं."

"बारी टूटेगी, मॅडम," खलील साहेबांनी पुडा बाजूला सारला. "अगले साल फिर झगडा होगा. आप तो घर बैठोगे, भुगतना हमको है. और आपकी ही बच्ची जाएगी हाथ से. सोच लो."

"आठ साल से सोच ही रहे ना हम. कौनसा बच्चा कैसा बोला, ये एक साल भी नहीं सोचे."

"आज कायको याद आया?"

"आज सुनाई दिया, इसलिए."

मॅडमनी गुण टाकले. विषय सहा, मांडणी पंधरा, उत्तर दहा. एकतीस. मग राजमल्लू सारांना विचारलं, यमुनाचं भाषण तुम्ही लिहून दिलं होतं का. ते म्हणाले नाही, तिच्या आश्रमशाळेत विज्ञानाला मास्तरच नाही, तिनंच लिहिलं. मग तिचं सगळं सांगा, मॅडम म्हणाल्या, मला अर्धंच कळलं. राजमल्लू सारांनी सांगितलं, आणि खलील साहेबांनी बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या भाषेतलं भाषण नीट ऐकून घेतलं. पहिला नंबर यमुनाचा. मयूरी पाचवी. पाचव्याला प्रमाणपत्र असतं, बाकी काही नसतं.

निकाल लागल्यावर बंडू सरांची बसस्टँडवरच गाठ पडली. मयूरी जरा लांब, पिशवी पोटाशी धरून उभी होती.

"मॅडम, त्याच भाषणावर मले पहिला नंबर भेटला व्हता."

"तेव्हा ते खरं होतं, बंडू."

"एका वाक्यानं गेला काय मंग नंबर? ते बदलायचं माह्यानं राहून गेलं. मान्य हाय. पन एका वाक्यानं?"

"राहून कसं गेलं? तू विज्ञान शिकवतोस. यान उतरलं तेव्हा तू शाळेत पेढे वाटलेस, मला फोटो पाठवलास."

बंडू सरांनी पिशवीतून एक कागद काढला. तो कडेनं पिवळा झाला होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं होतं, चिकटून पक्कं. त्यावर मॅडमचं अक्षर.

"हे फाडून लिवता येत नव्हतं, मॅडम. तुमच्या हातचं व्हतं म्हनून असं करून ठेवलं. पोरीले तसंच देलं."

मॅडमनी कागद हातात घेतला नाही. त्यांना त्याला रागवायचं होतं, पण रागवायला जे लागतं ते त्यांच्याकडे त्या क्षणी नव्हतं.

"तिला तू विचारायला हवं होतंस, तुला काय वाटतं म्हणून."

"तुमी आमाले इचारलं व्हतं काय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "नाही विचारलं."

बंडू सरांनी कागद पिशवीत परत ठेवला. बेल्याची बस आली. त्यांनी धावत चढून खिडकीजवळची जागा धरली आणि ती मॅडमना दिली, सवयीनं, आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. मयूरी मॅडमच्या शेजारी बसली, कारण दुसरी जागा नव्हती.

गाव सुटलं. दोन्ही बाजूंना शेतं लागली. उन्हं कलली होती आणि वेचणाऱ्या बायका गाड्यांजवळ गोळा होत होत्या.

जैनथ मागे गेल्यावर मयूरी एकाएकी म्हणाली, "मॅडम, माहं उत्तर बी अर्धंच हाय."

"कसं?"

"वेचायले लांब जातो ते वापस येण्यासाठी. गाडी इकडं असते, घर इकडं असते. लांबच्या ग्रहाले गेलेलं यान वापस येतच नाई. ओझं आणायचंच नाई त्याले. मंग पाय दमायचा सवाल कुठं येते?"

मॅडम तिच्याकडे वळल्या. "मग आधी कुठं जायचं, ते कशावर ठरवशील?"

"मले माईत नाई."

वर्गात कितीदा विचारलं, आणि मुलांनी कितीदा घाईघाईनं पुस्तकातलं उत्तर दिलं. इतक्या सरळ मानेनं मला माहीत नाही असं कोणी म्हटल्याचं मॅडमना आठवेना. त्यांना बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं. त्या म्हणणार होत्या की बाळा, हेच खरं, इथूनच सुरू होतं सगळं.

"मले हैदराबादले जायचं व्हतं," मयूरी म्हणाली.

तिनं पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"सरांनी सांगितलं व्हतं, तिथं तारांगण असते. अंधार करतात अन् समदं आभाळ दिसते. मी मायले सांगून ठेवलं व्हतं. मायनं नवा ड्रेस बी शिवला." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. ती सांगत होती. "सर म्हने तुमी मनावर घेतलं असतं तर झालं असतं."

"सर खरं बोलले."

"तुमाले माईत व्हतं मले जायचं म्हनून?"

"प्रत्येकाला जायचं असतं. माहीत होतं."

"तरी?"

"तरी."

मयूरीनं यावर विचार केला, निदान तसं दिसलं. मग तिनं तोंड रस्त्याकडे फिरवलं. मॅडमना वाटलं, हिला समजावून सांगावं: उत्तराचे दहापैकी दहा दिले, तुझं भाषण नव्हतंच ते, पुढच्या वर्षी तू दहावीत, तेव्हा स्वतः लिही. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही त्या पोरीच्या कामाचं नव्हतं. पुढच्या वर्षी बारी राहील की नाही, मराठीचा परीक्षक कोण असेल, हे मॅडमनाच ठाऊक नव्हतं. सांत्वन त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आता तर त्यासाठी लागणारा दमही नव्हता.

पुढच्या थांब्यावर वेचणाऱ्या पाच-सहा बायका चढल्या, ओच्यात, केसांत कापसाचे धागे. मयूरी एका म्हातारीसाठी सरकून बसली, मॅडमच्या अगदी अंगाला लागून. दोघींचे खांदे बसच्या धक्क्यांनी एकमेकांवर आपटत होते.

तिचं गाव आलं तशी ती उठली. बंडू सर आधीच दाराशी उतरून उभे होते. मयूरीनं मॅडमना हात जोडले, शाळेत शिकवतात तसे, बोटं सरळ ठेवून. मॅडमकडे मात्र बघितलं नाही. मग ती उतरली आणि सरांच्या पुढं चालू लागली, पाय आपटत, पिशवी गुडघ्याला लागू देत.

कंडक्टरनं शिटी मारली. मॅडमनी मोकळ्या झालेल्या जागेवर म्हातारीची पोतडी ठेवून घेतली आणि डोळे मिटले. बेला अजून अर्धा तास होतं.